एक धागा जाळून बघा

“आधी उघडायचं. मग पैसे.”

उंबऱ्याच्या आत उत्कर्षा, उंबऱ्याच्या बाहेर तो, आणि मधे खोकं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, पण सोलापूरच्या उन्हाला ते कुणी कळवलं नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद बोळात दुपारी दोन वाजता भिंतीसुद्धा तापल्या होत्या आणि त्याच्या निळ्या शर्टाची पाठ घामानं पार भिजली होती.

“मॅडम, हितं धा मिनटं गेली की माझी पुढची पाच घरं बोंबलत्यात.”

“बोंबलू देत की. माझ्या ऑर्डरवर ‘दारात उघडून पाहा’ असं लिहिलंय. वाचा.”

त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“व्हय. लिवलंय.”

“मग?”

“मंग काय... उघडा की!” म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक सुळा जरासा पुढं डोकावला. उत्कर्षाला तो सुळा दिसला, आणि तो आपल्याला दिसला याचाच तिला राग आला.

आता ही पोरगी दारात एवढी अडून का बसली होती, ते सांगायला हवं. त्याच दाराला एक वीट लावलेली होती. चांगली भाजलेली, पक्की वीट. तीन वर्षांपूर्वी अनसूयाबाईंनी, म्हणजे उत्कर्षाच्या आईनं, ऑनलाइन मिक्सर मागवला होता. घाईतल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवले, तो गेला, खोकं उघडलं, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही वीट! मिक्सरचे पैसे गेले ते गेलेच. वीट तेवढी राहिली, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. तेव्हापासून उत्कर्षा खिडकीत मोबाइल उभा करून चित्रण सुरू करायची, खोकं दारातच उघडायची, वस्तू बघितल्याशिवाय मोबाइलवर आलेला चार आकडी नंबर कुणाला सांगायची नाही. पैशांसाठी कागदावर छापलेला कोड कुणी पुढं केला तर त्याला हात लावायची नाही. कंपनीच्या मशीनवर येईल तोच स्कॅन करायची. सातवीच्या वर्गाला शिकवणारी बाई ती. कुरिअरची पोरं तिला ‘तपासणीबाई’ म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं.

तिनं कात्रीनं पट्टी कापली. आतून काळीभोर घोंगडी निघाली.

“अगंबाई, किती मऊ!” अनसूयाबाईंनी ती गालाला लावली.

उत्कर्षानं चारी कोपरे बघितले, कुठं भोक आहे का बघितलं, उन्हात धरून बघितली. कुठं काही खोट नाही. ती खुशीत आली. वडिलांसाठी मागवली होती तिनं. एकनाथराव शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि रोज पहाटे बोळातल्या दत्ताच्या देवळात पूजा करायचे. त्यांच्या बसायच्या जुन्या घोंगडीला कसर लागली होती. लोकर कायम सोवळी, धुवा न धुवा, म्हणून त्यांना घोंगडीच हवी होती.

“चला, मशीन दाखवा. पैसे देते.”

त्यानं मशीन पुढं केलं नाही.

“मॅडम, एक... न्हाय. काय न्हाय.”

“काय?”

“सामानाबद्दल आमी बोलायचं न्हाय. नियम हाय कंपनीचा.”

“मग बोलू नका. पण तोंड असं कारलं खाल्ल्यासारखं का केलंय?”

त्यानं बोळात इकडंतिकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, “घरात काडेपेटी हाय का?”

काय प्रश्न तरी! पण विचारलं असं काही होतं की उत्कर्षानं देवघरातून काडेपेटी आणली. घोंगडीच्या कडेचा एक धागा त्यानं बोटानं नुसता दाखवला. तिनं तो ओढून काढला, काडी ओढली. धागा आक्रसला, थेंब होऊन गळला आणि फरशीवर टणक काळा खडा होऊन पडला. प्लॅस्टिकची बादली जळावी तसा वास सुटला.

“हे काय झालं?” ती म्हणाली.

“आता तुमी इचारलं म्हणून सांगतो. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता. आन् राख झाली असती, बोटानं चुरगळंल अशी. हे लोकर न्हाय. घोंगडं कधी एवढं मऊ असतंय व्हय?”

आतून एकनाथराव बाहेर आले होते. ते त्या खड्याकडं बघत राहिले. “म्हणजे मी प्लॅस्टिकवर बसून जप करणार होतो?”

अनसूयाबाईंनी घोंगडी गालावरून झटकन काढली.

खोक्याच्या तळाशी एक रंगीत कार्ड होतं. ‘गावाकडची अस्सल घोंगडी’ असं लिहिलेलं, आणि त्यावर चरख्याशी सूत कातणाऱ्या दोन हातांचा फोटो. मनगटावर तुळशीचं गोंदण, करंगळी जरा वाकडी. उत्कर्षानं ते सहज त्याच्यापुढं धरलं. त्याचं हसू एकदम गेलं.

“हे हात...” त्यानं घाम पुसला. “हे माझ्या आईचे हात हायती. एडक्यानं धडक दिली हुती, तवा करंगळी वाकडी झाली. तिचा फोटो चोरलाय ह्यांनी.”

मग कुणाला काही विचारू न देता त्यानं खोकं बांधलं, मोबाइलवर ‘ग्राहकाने नाकारले’ असं नोंदवलं आणि गाडीला किक मारली. बोळाच्या तोंडाशी गाडी दिसेनाशी झाल्यावर उत्कर्षानं ॲपमध्ये नाव शोधलं. मल्हार.

“नाव कशाला बघतीयस?” आईनं विचारलं.

“तक्रार करायची झाली तर असावं,” उत्कर्षा म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. तसे ते झालेच.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या घरात काय काय आलं म्हणून सांगू! चहाची गाळणी आली. केसांच्या पिना आल्या. पुन्हा गाळणी आली. सुई-दोऱ्याचा डबा आला. सगळं दारात पैसे देऊन, सगळं दारात उघडून. गाळणी उघडून तपासायला वेळ तो किती लागणार? पण ह्या दोघांना पाव तास लागायचा.

“मॅडम, ह्याला बी काडी लावायची का?” मल्हार विचारायचा.

“स्टीलची आहे ती.”

“तसं दुकानदार म्हणतोय. तुमचा इश्वास हाय का?”

“दुकानदारावर नाही.”

“मंग कुणावर हाय?”

ती नुसता पाण्याचा तांब्या पुढं करायची. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून वरून पाणी प्यायचा. त्याच्या मानेवरून ओघळणाऱ्या थेंबाकडं बघायचं नाही असं ती ठरवायची... आणि बघायची.

अशाच एका दुपारी तिनं ते कार्डाचं विचारलं. तो आधी टाळत होता. मग पायरीवर टेकला आणि सगळं सांगितलं.

मल्हारचं घर मंगळवेढ्याच्या पुढं, माळावरच्या वस्तीत. आई फुलाबाई, घरची मेंढरं. फुलाबाई आणि वस्तीतल्या तेरा बाया मिळून लोकरीचं सूत कातायच्या, गावातले शंकरप्पा सनगर मागावर विणायचे. मल्हारनं गेल्या वर्षी त्यांचं ऑनलाइन दुकान काढून दिलं. झकास चाललं होतं. मग दुसऱ्या कुणीतरी फुलाबाईच्या हातांचा फोटो उचलला आणि प्लॅस्टिकची घोंगडी विकायला सुरुवात केली. फसलेली माणसं चिडली आणि त्यांनी फोटो बघून फुलाबाईच्याच दुकानाखाली शिव्या लिहिल्या.

“आता आईच्या खऱ्या घोंगड्यावर बी लोकांचा भरवसा न्हाय. गेल्या म्हयन्यात सोलापुरात नऊ आली, सात परत गेली. ती परत न्यायला कोण? मीच! लोक दारात उघडत्यात आन् म्हणत्यात, ‘टोचतंय, वास येतोय, नकली हाय, घेऊन जा.’ मी आपला गप. सामानाबद्दल बोलायचं न्हाय.”

“आईनं कातलेलं... तुम्ही स्वतः परत नेता?”

“व्हय की. रात्री आईला फोनवर सांगतो, आज दोन परत आली. ती म्हणती, माझ्याच हाताची काय चूक झाली आसंल का रं?” त्यानं तांब्या खाली ठेवला. “हेच लई लागतं बघा. जानेवारी संपायच्या आत परत येणं कमी झालं न्हाय, तर ॲपवाले दुकान बंद करणार. तसं पत्र आलंय. मंग बायांनी लोकर कातरायची आन् बांधावर फेकून द्यायची.”

उत्कर्षाला गलबलून आलं. वर्गात कुणी रडलं तर काय करायचं ते तिला ठाऊक होतं. हा रडत नव्हता, नुसता तांब्याकडं बघत होता, आणि ते जास्त अवघड होतं.

“मी मागवते एक,” ती म्हणाली. “तुमच्या आईच्या दुकानातून.”

त्यानं मान वर केली. त्या नजरेसाठी तिनं दहा घोंगड्या मागवल्या असत्या.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. आणायला मल्हारच. नवा धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. उत्कर्षानं खिडकीत मोबाइल लावला, कात्री चालवली, घोंगडीवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

“अहो, हे तर... टोचतंय!”

बोलली आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता. वासही येत होता, मेंढीचा, आणि सुताला लावलेल्या खळीचा, आंबूस असा. अनसूयाबाईंनी तर पदरच नाकाला लावला.

मल्हार खाली बसला आणि घोंगडीची घडी घालायला लागला. सवयीची घडी होती ती; सात वेळा घातलेली.

“घेऊन जातो,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

“थांबा.”

“न्हाय मॅडम, बळंच नगं. नियम तुमचाच हाय. पसंत पडलं तर पैसे.”

“थांबा म्हणते ना! काडेपेटी आणते.”

तिनं धागा काढला, काडी ओढली. धागा तडतडला, पेटला न पेटला तोच विझला. उंबऱ्याशी जळक्या केसांचा वास पसरला. तिनं राख बोटांत धरली. चुरा झाला, मऊ, काळा. ती त्या बोटांकडं बघत राहिली, आणि मग मोठ्यानं हसली.

“अहो, मी किती मूर्ख! तीन वर्षं दारात उघडून बघतेय, पण काय बघायचं तेच मला माहीत नव्हतं. नकली होती तिला मी किती मऊ म्हणून पैसे द्यायला निघाले, आणि खरीला टोचते म्हणून परत पाठवतेय! तुमचं गिऱ्हाईक माझ्यासारखंच आहे. बसा. हलू नका.”

ती आत गेली आणि वह्या तपासायचा लाल पेन घेऊन आली. पार्सलच्याच पुठ्ठ्यावर लिहायला लागली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागली:

“ही घोंगडी टोचणार. हिला मेंढीचा वास येणार. दोन उन्हं दाखवलीत की वास जाईल, वापरलीत की मऊ होईल. आधी उघडा. एक धागा ओढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरगळली, तरच पैसे द्या. खडा झाला तर एक रुपया देऊ नका.”

मल्हार डोळे विस्फारून बघत होता. “एक रुपया देऊ नका? मॅडम, कुटला दुकानदार असं लिवतोय?”

“ज्याचा माल खरा आहे तो. त्या दुसऱ्याला लिहू दे बरं!”

“आन् धागा कुटला वडायचा, लोकास्नी कळंल का?”

“वेगळा बांधायचा. आईंना सांगा, कडेला एक दशी लांब सोडायची, गाठ मारून. तुम्हाला बोलायचं नाही ना? नका बोलू. पार्सलच सगळं सांगेल.”

तो पुठ्ठा त्यानं शर्टाच्या आत, छातीशी ठेवला. बोळाच्या टोकाला जाऊन पुन्हा परत आला.

“काय राहिलं?”

“पैसे न्हाय दिलं तुमी,” तो म्हणाला. सुळा दिसला. “आन् त्यो चार आकडी नंबर.”

तिनं नंबर सांगितला. त्यानं चारही आकडे इतके सावकाश दाबले की अनसूयाबाई आतून खोकल्या.

डिसेंबर उजाडला तशी थंडी पडली आणि घोंगड्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. लांब दशीची, लाल अक्षरांतल्या चिठ्ठीची घोंगडी जिथं जाईल तिथं बायामाणसं काडेपेटी घेऊन दारात यायला लागली. मोडनिंबच्या एका आजींनी धागा जाळला, राख चुरगळली आणि शेजारच्या चार घरांना बोलावून पुन्हा जाळून दाखवला. त्यांच्या नातवानं ते चित्रण मोबाइलवर टाकलं. ते एवढं फिरलं की उत्कर्षाच्या सातवीतली पोरं डब्याच्या सुट्टीत गोधडीचे धागे घेऊन आली, आणि तिला काडेपेट्या जप्त कराव्या लागल्या. आणि नकलीवाल्याचं? लोक त्याचंही पार्सल दारात उघडायला लागले. धागा जाळला की खडा. घेऊन जा परत!

तो काय गप्प बसणार? त्यानं कंपनीकडं तक्रार ठोकली. सोलापुरात तुमचा मल्हार नावाचा माणूस गिऱ्हाइकांना भडकवतो, पहिलं पार्सल शुक्रवार पेठेतून परत आलं, तिथून हे सुरू झालं.

उत्कर्षाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आपली नेहमीसारखी गाळणी मागवली होती. दारात भलताच कुणीतरी उभा राहिला.

“मल्हार कुठंय?”

“त्येला बसवलंय घरी. चार दिस झालं. त्या मऊ घोंगडीवाल्यानं तक्रार केलीया, चौकशी हाय.”

गाळणी तपासायचीच राहिली. उत्कर्षानं पैसे दिले, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. चार दिवस... आणि त्यानं सांगितलंसुद्धा नाही. आपल्यामुळं झालं म्हणून नाही सांगितलं. तेव्हा कुठं तिला कळलं, की घरातल्या पाच गाळण्या चहासाठी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट त्या कंपनीच्या गोडाऊनवर गेली. पार्सलांच्या ढिगाआड टेबल लावून शिवानंद नावाचे व्यवस्थापक बसले होते. कोपऱ्यात बाकड्यावर चौकशीसाठी बोलावलेला मल्हार. तिला बघून तो उठलाच.

“मॅडम, तुमी हितं कशाला...”

“तुम्ही बोलू नका. नियम आहे तुमचा,” ती म्हणाली, आणि मोबाइल शिवानंदांच्या पुढं ठेवला.

खिडकीतलं चित्रण. त्यात मल्हार म्हणत होता, सामानाबद्दल आमी बोलायचं न्हाय.

“बघा. धागा कुणी ओढला? मी. काडी कुणी ओढली? मी. यांनी फक्त घरात काडेपेटी आहे का, एवढं विचारलं.”

“आणि हे पुढचं?” शिवानंदांनी बोट ठेवलं. “केस जळल्याचा वास, राख...”

“ते मी विचारलं म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकानं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, असा नियम असेल तर दाखवा. वाचते मी.”

शिवानंदांनी खण उघडला, कागद चाळले, खण बंद केला. मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, खरं सांगू का? दिवाळीत मीपण तीच मऊवाली घेतली. बायको रोज अंगावर घेते. तिला अजून सांगितलेलं नाही.”

“आज घरी जाऊन एक धागा जाळा,” उत्कर्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार कामावर होता. आणि त्या फोटोचोराचं काय झालं? शिवानंदांनी ते चित्रण वर पाठवलं, फुलाबाईच्या हातांचा मूळ फोटो मल्हारनं जोडला, आणि आठ दिवसांत ते दुकान ॲपवरून गायब झालं.

गोडाऊनच्या फाटकाबाहेर त्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला होता, “माझ्यासाठी आलात?”

“काडेपेटी माझी होती म्हणून आले,” ती म्हणाली. कान मात्र लालबुंद झाले होते, आणि अजून पुरतं अंधारलं नव्हतं.

जानेवारी संपता संपता फुलाबाईचा निरोप आला: येकतीस तारखेला समद्यांनी हुरड्याला या. मंगळवेढ्याच्या एसटीत एकनाथराव, अनसूयाबाई आणि उत्कर्षा बसले. एकनाथरावांनी ती टोचणारी घोंगडी बरोबर घेतली होती. दोन महिने तिच्यावर बसून त्यांना दुसऱ्या कशावर बसवेना.

माळावर ज्वारी डोक्याइतकी उभी होती. आगटी पेटलेली. फुलाबाई, काळी, उंच, डोईवर पदर, पुढं आली. उत्कर्षाचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले आणि उलटेपालटे करून बघितले. तुळशीचं गोंदण, वाकडी करंगळी... फोटोतले हात. खरबरीत, उबदार.

“ह्या हातानं लिवलंस व्हय ते?” ती म्हणाली. “मला वाचता येत न्हाय. पोराकडनं धा बार वाचून घेतलं. माझ्या हाताची चूक न्हवती, असंच लिवलंयस की गं त्यात.”

उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळं, असं ती म्हणाली. धूर तर पलीकडं चालला होता.

तेवढ्यात मल्हार मोबाइल नाचवत आगटीकडं पळत आला. “आलं! ॲपवाल्यांचं आलं! दुकान चालूच ऱ्हाणार! जानेवारीत येकशे बारा गेली, परत किती? येक!”

तेरा बायांनी एकच गलका केला. शंकरप्पांनी पटका काढून हवेत उडवला. फुलाबाई मटकन खाली बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

“आणि ते एक का परत आलं?” उत्कर्षानं विचारलं. बाईच ती, एक चूक दिसली की विचारणारच.

“बार्शीचं हाय. त्येंच्या घरात काडेपेटी न्हवती म्हणं!”

मग सगळे हसले, आणि हुरड्याच्या गडबडीत दोघं ज्वारीच्या कडेला कधी गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे अनसूयाबाईंच्या आलं. पण त्या हुरडा खात राहिल्या.

मल्हारनं गरम कणसं तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हिरवे दाणे तिच्यापुढं धरले. तिनं त्याच्या ओंजळीतूनच चार उचलले. गोड, कोवळे, जरा धुरकट.

“मॅडम...”

“शाळा सुटलीय. नाव आहे मला.”

“उत्कर्षा.” त्यानं एकदा म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. “उत्कर्षा, एक इचारू? तुमी कुटलीच वस्तू न बघता घेत न्हाय. म्हंजे... मला उघडून बघितलंत का?”

वाऱ्यानं ज्वारीची ताटं एकमेकांवर घासली.

“तीन महिने बघतेय,” ती म्हणाली.

“मंग?”

“टोचता जरा.”

“...आन्?”

“मेंढीचा वासपण येतो.”

त्याचा चेहरा उतरला. “मंग परत पाठवायचं म्हणा की.”

उत्कर्षानं त्याच्या काळ्या झालेल्या हातावर आपला हात ठेवला. राख दोघांच्या बोटांत चुरगळली.

“नाही,” ती म्हणाली. “मी ठेवून घेतलं.”

तो असा ओरडला की पलीकडच्या शेतातली पाखरं उठली.

परत आले तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पाच बोटांचा काळा ठसा होता. फुलाबाईनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अनसूयाबाईंनी बघितलं.

“पाचवी गाळणी आली तेव्हाच मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात नवऱ्याला, “अहो, पण पेठेतले लोक काय म्हणतील?”

“लोकांनी कधी खोकं उघडून बघितलंय?” एकनाथराव घोंगडीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी लेकीकडं बघितलं. “उत्कर्षे, नीट तपासलंस ना?”

“तपासलं, बाबा.”

“मग घे की.”

फुलाबाईनं हुरड्याचं ताट पुढं सरकवलं आणि मल्हारला म्हणाली, “अरं, त्यो डाग तरी धू जा. पाव्हणं हायती.”

मल्हारनं बाहीकडं बघितलं, मग उत्कर्षाकडं. सुळा दिसला.

“न्हाय धुणार,” तो म्हणाला आणि तिच्या शेजारी घोंगडीवर बसला.